पॅसिव्ह नव्हत्या त्या

एप्रिल २०२२. केनियातला न्येरी भाग. नव्वदी गाठलेली एक आजी शांत बसलीय आणि देशाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी, मामा न्गिना केन्याट्टा, स्वतः हातात कात्री घेऊन तिच्या जटा कापतायत. साध्यासुध्या जटा नाहीत या, जवळपास ७० वर्षं वाढत आलेल्या, लांबच लांब. जंगलात असताना वाढल्या आणि जंगलातून बाहेर आल्यावर पण आजीने त्या तशाच ठेवल्या, कारण ज्या स्वातंत्र्यासाठी आम्ही आत गेलो ते आमच्यापर्यंत अजून पूर्ण पोचलेलं नाही असं तिचं म्हणणं होतं.

या आजीचं नाव मुथोनी वा किरिमा. फील्ड मार्शल मुथोनी. माऊ माऊच्या, म्हणजे केनियातल्या किकुयू जमातीने १९५० च्या दशकात इंग्रज राजवटीविरुद्ध उभारलेल्या सशस्त्र लढ्यात हा हुद्दा मिळालेली एकमेव बाई.

केनियाच्या स्वातंत्र्याबद्दल कुणाला विचारलं तर जोमो केन्याट्टांचं नाव येईल, थोडं जास्त वाचलेलं असेल तर जंगलातल्या लढ्याचे नेते देदान किमाथींचं येईल. मुथोनींचं येणार नाही. आणि मुथोनींचं निदान नाव तरी नोंदलेलं आहे, त्यांच्यासारख्या हजारो बायका होत्या ज्यांच्यासाठी इंग्रजांच्या कागदपत्रांत फक्त एक शब्द आहे, पॅसिव्ह विंग. म्हणजे जंगलात बंदूक घेऊन लढणारे ते ॲक्टिव्ह आणि बाहेर राहून त्यांना जेवण, औषधं, गोळ्या, बातम्या पोचवणारे ते पॅसिव्ह. या दुसऱ्या गटात बायका प्रचंड संख्येने होत्या. हा शब्द मला खरंच खूप खुपतो, आणि का खुपतो तेच आज सांगायचंय.

गोष्ट खरी सुरू होते १९२२ मध्ये, नैरोबीत.

हॅरी थुकू नावाचा तरुण पुढारी होता. गोऱ्यांच्या मळ्यांवर आणि रस्त्याच्या कामावर बायका-मुलींना जबरदस्तीने राबायला नेतात याच्याविरुद्ध तो जाहीरपणे बोलला, त्यामुळे बायकांमध्ये त्याच्याबद्दल फार आपुलकी होती. मार्च १९२२ मध्ये त्याला अटक झाली आणि १६ मार्चला पोलीस स्टेशनबाहेर हजारोंची गर्दी जमली. पुढारी मंडळी आत जाऊन सरकारी अधिकाऱ्यांशी बोलून आली आणि लोकांना सांगायला लागली की आता घरी जा. पुरुष पांगायला लागले. तेव्हा मेरी मुथोनी न्यांजिरू नावाची एक बाई पुढे आली, तिने आपला झगा खांद्यापर्यंत वर उचलला आणि पुरुषांना म्हणाली की हा माझा झगा तुम्ही घ्या आणि तुमच्या पॅन्ट आम्हाला द्या, आपला नेता आत आहे, तुम्ही कसली वाट बघताय.

आपल्याकडे पुरुषाला 'बांगड्या भर' म्हणतात ना, ऐकायला तसंच वाटतं, पण किकुयू समाजात ही गोष्ट त्याहून कितीतरी जड आहे. मोठ्या बाईने असं अंग उघडं करून दाखवणं हा तिथे जवळजवळ शाप समजतात, त्याच्यापुढे अपमान करायला दुसरं काही उरतच नाही. बायकांनी एकच आरोळी ठोकली आणि गर्दी थेट संगिनींवर चाल करून गेली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शेजारच्या नॉरफोक हॉटेलच्या व्हरांड्यात बसलेल्या गोऱ्यांनी पण झाडल्या असं बघणाऱ्यांनी सांगितलंय. सरकारी आकडा २१ मृत, लोकांचा आकडा त्याच्या दुपटीहून जास्त. न्यांजिरू तिथेच मारली गेली. आज त्या हॉटेलला लागून जो रस्ता आहे त्याचं नाव हॅरी थुकू रोड.

पुढचा प्रसंग १९४८ चा, मुरांगा भागातला. सरकारने जमिनीची धूप थांबवायला डोंगरउतारावर बांध घालायची सक्ती केली. विचार चांगला असेलही, पण खणायचं कुणी, तर बायकांनी, फुकट, घरचं आणि शेतातलं सगळं उरकून. तर एके दिवशी सुमारे २५०० बायका सरकारी ठाण्यावर नाचत गात गेल्या आणि सांगून आल्या की आम्हाला घरी भरपूर काम आहे, हे आम्ही करणार नाही. याची नोंद खुद्द सरकारी अहवालात आहे. माऊ माऊचा उठाव व्हायला अजून चार वर्षं होती आणि या बायका आधीच उठल्या होत्या.

मग आलं २० ऑक्टोबर १९५२. गव्हर्नर एव्हलिन बेअरिंगने आणीबाणी जाहीर केली. जमीन हे त्याच्या मुळाशी होतं. उंचावरची थंड हवेची सुपीक जमीन गोऱ्यांनी स्वतःसाठी राखून ठेवली होती आणि किकुयू माणसं एकतर आपल्याच मुलखात कोंबली गेली नाहीतर गोऱ्यांच्या मळ्यांवर मजूर झाली. जमीन आणि स्वातंत्र्य मिळवायचं अशी गुपचूप शपथ घेतली जायची, आणि शपथ घेणाऱ्यांत बायका होत्या, काही ठिकाणी शपथ देणाऱ्यांत पण होत्या.

मुथोनी तेव्हा विशीत होत्या. नवरा आधीच जंगलात गेलेला. त्या गावात राहून जंगलात खाणं पोचवायच्या, खबर पोचवायच्या. होमगार्डना, म्हणजे इंग्रजांच्या बाजूने गेलेल्या आपल्याच गावच्या लोकांना, संशय आला आणि मुथोनींना जबर मारहाण झाली. त्यानंतर त्या स्वतःच अबरडेअरच्या जंगलात शिरल्या. किमाथींनी त्यांची हुशारी बघून त्यांना एका पक्ष्याचं नाव दिलं, वीव्हर बर्ड, म्हणजे आपला सुगरण पक्षी. आपण सुगरण म्हटलं की मनात स्वयंपाकघर येतं, इथे ते नाव हल्ल्यांची आखणी करणाऱ्या डोक्यासाठी दिलेलं होतं.

एक क्षण त्या जंगलाचा विचार करा. हजारो फुटांवरची थंडी, सततचा पाऊस, हत्ती, रानरेडे, आणि वरून विमानांतून बॉम्ब. मुथोनींचा गर्भपात त्या जंगलात झाला. नंतर मूल झालंच नाही, आणि केनिया हेच माझं एकुलतं एक मूल असं त्या नंतर सांगायच्या. किमाथी १९५६ मध्ये पकडले गेले, फेब्रुवारी १९५७ मध्ये फाशी गेले, तरी मुथोनी आतच राहिल्या. देश स्वतंत्र झाला तेव्हा, १९६३ मध्ये, त्या बाहेर आल्या.

पण जंगलात मुथोनींसारख्या बायका थोड्या होत्या. आता बाहेरच्यांकडे या, ज्यांना पॅसिव्ह म्हटलं. बाई सकाळी पाठीवर लाकडं घेऊन निघाली, पट्टा कपाळावरून घेतलेला, मान खाली, शेजारून शिपाई जातोय, आणि लाकडांच्या मोळीत किंवा पाठीला बांधलेल्या पोराच्या कपड्यात काय लपवलंय ते त्याला कळत नाही. गोळ्या, औषधं, निरोप असंच जायचं. पकडली गेली तर मार, तुरुंग, कधी जीव. यात पॅसिव्ह काय आहे?

नैरोबीत वांबुई वायाकी होत्या, पुढे वांबुई ओटिएनो म्हणून प्रसिद्ध झाल्या. वडील पोलीस खात्यात मोठ्या पदावर आणि मुलगी शाळकरी वयात शपथ घेऊन माऊ माऊची हेर. गोऱ्यांच्या बंगल्यांत काम करणाऱ्या बायकांकडून, नोकरांकडून बातम्या गोळा करायच्या, कोण कुठे जातोय, हत्यारं कुठे ठेवलीत, आणि पुढे पोचवायच्या. घरात भांडी घासणाऱ्या बाईकडे कुणी बघत नाही, तिच्यासमोर सगळं बोललं जातं, वांबुईंचं जाळं उभं होतं ते यावर. शेवटी त्यांना पकडून लामू बेटावर डांबलं आणि तिथे त्यांच्यावर बलात्कार झाला. हे त्यांनी स्वतः नंतर लिहून ठेवलं, नाव घेऊन, ज्या काळात असं बोलायची सोय नव्हती.

इंग्रजांना मात्र लवकरच समजलं की लढा कशावर टिकलाय. एप्रिल १९५४ मध्ये नैरोबीत धरपकड करून हजारो पुरुषांना छावण्यांत टाकलं, आणि जूनपासून मुलखातली घरं जाळून लोकांना नव्या गावांत हलवायला सुरुवात केली, काटेरी तारा, खंदक, टेहळणीचे मनोरे, कर्फ्यू. दीड वर्षाच्या आत दहा लाखांहून जास्त माणसं ८०० पेक्षा जास्त अशा गावांत कोंबली. पुरुष छावण्यांत किंवा जंगलात, म्हणजे या गावांत उरलं कोण, तर बायका, म्हातारी माणसं आणि पोरं. त्याच बायकांकडून जंगलाच्या कडेने कित्येक किलोमीटर लांब खंदक खणून घेतला, तळाशी टोकदार बांबू रोवलेला, जंगलातल्या माणसापर्यंत भाकरतुकडा पोचू नये म्हणून. स्वतःच्या नवऱ्याला, भावाला उपाशी मारायचा खंदक तिने स्वतःच्या हाताने खणायचा. दिवसभर खणून झालं की शेताकडे जायला जेमतेम तासभर मिळायचा, उपासमारीने माणसं मेली, पोरं जास्त मेली.

आणि ज्या बायका ऐकत नव्हत्या त्यांच्यासाठी कामितीचा तुरुंग. आणीबाणीत सुमारे ८००० बायकांना डांबलं गेलं, बहुतेक जणी कामितीला, काहींची तान्ही मुलं सोबत. तिथे दगड फोडायला लावायचे, प्रेतं पुरायला लावायचे. आयलीन फ्लेचर नावाची एक इंग्रज बाई तिथे पुनर्वसनाच्या कामावर होती, तिने बघवेना म्हणून नोकरी सोडली आणि १९५६ मध्ये इंग्लंडला जाऊन सगळं छापून आणलं, त्यात ११-१२ वर्षांच्या मुली शिक्षा भोगतायत हे पण होतं. सरकारने म्हटलं वय चुकीचं सांगितलंय. पार्लमेंटमध्ये गदारोळ झाला.

याच काळातलं एक घर आपल्या गोव्याशी जोडलेलं आहे. पियो गामा पिंटो, नैरोबीत जन्मलेला गोवेकर, माऊ माऊला मदत करणारा पत्रकार. त्याचं आणि एम्मा यांचं लग्न जानेवारी १९५४ मध्ये झालं आणि जूनमध्ये त्याला पकडून नेलं, तो थेट १९५९ ला सुटला. १९६५ मध्ये, स्वतंत्र केनियात, त्याला घराच्या दारात गोळ्या घातल्या, गाडीत त्यांची लहान मुलगी होती. पियोवर निदान लिहिलं तरी गेलं, पोस्टाच्या तिकिटावर पण आला तो. एम्मा यांनी नोकरी करून घर ओढलं, पुढे तीन मुलींना घेऊन कॅनडाला गेल्या, त्यांच्याबद्दल फारच कमी लोक बोलतात.

१२ डिसेंबर १९६३ ला केनिया स्वतंत्र झाला. पहिल्या संसदेत निवडून आलेली बाई किती, तर एकही नाही. पहिली आली १९६९ मध्ये, किसुमूच्या ग्रेस ओन्यांगो. आणि जमीन, जिच्यासाठी सगळं झालं? आणीबाणी चालू असतानाच सरकारने तुकडे जोडून जमिनीची नोंदणी सुरू केली होती, आणि कागद बहुतेक करून घरातल्या पुरुषाच्या नावाने झाले. पूर्वी बाईला निदान कसायला स्वतःचा म्हणून तुकडा असायचा, तिचा हक्क रीतीने मानला जायचा, तो कागदावर आलाच नाही. ज्या कामितीला होत्या त्या तर मोजणीच्या वेळी हजर पण नव्हत्या. परत आल्या तेव्हा वावर दुसऱ्याच्या नावावर.

माऊ माऊ संघटनेवरची बंदी स्वतंत्र केनियाने उठवली २००३ मध्ये. चाळीस वर्षांनी. तोवर जुने लोक आपण त्यात होतो हे मोठ्याने सांगायला पण बिचकायचे, आणि ज्यांच्यावर बलात्कार झाले, छावणीत नको ते झालं, त्या बायकांनी तर घरच्यांना सुद्धा सांगितलं नव्हतं.

म्हणून मला जेन मुथोनी मारा यांचं फार मोठेपण वाटतं. किशोरवयात, माऊ माऊला जेवण पुरवल्याच्या संशयावरून, त्यांना पकडून त्यांचा लैंगिक छळ केला होता. म्हातारपणी लंडनच्या कोर्टात त्या फिर्यादी म्हणून उभ्या राहिल्या आणि जे झालं ते बोलल्या. जून २०१३ मध्ये ब्रिटिश सरकारने खेद व्यक्त केला आणि ५२२८ जणांसाठी १ कोटी ९९ लाख पौंडांची तडजोड मान्य केली. माणशी बघितलं तर फार नाही, पण छळ झाला होता हे सरकारला तोंडाने म्हणावं लागलं.

त्या तडजोडीतच एक स्मारक ठरलं होतं. सप्टेंबर २०१५ मध्ये नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये ते उभं राहिलं. मुथोनी आजी २०२३ च्या सप्टेंबरमध्ये गेल्या, पण ते स्मारक आहे. दोन पुतळे आहेत. जटा वाढवलेला एक लढवय्या आणि त्याला खाणं देणारी एक बाई. दोघांनी एकमेकांकडे बघितलेलं नाही, तोंडं मुद्दाम फिरवलीत, कारण उद्या पकडलं आणि मारमार मारलं तरी समोरच्याचा चेहरा सांगता येऊ नये. तिच्या पुतळ्याला नाव नाही.