टॉप तापतो, पण एमसीबी पडत नाही

नमस्कार, श्रोतेहो. पावसाळा आणि थंडी म्हणजे गीझरचे दिवस. याच दिवसांत तक्रारी ऐकू येतात: टॉप, म्हणजे वायरच्या टोकाचा प्लग, तापतो, सॉकेट पिवळं पडलंय, बोर्डाला चटका बसतो. असं झालं तर कारण कुठे शोधायचं, ते आज बघू.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. एमसीबी, म्हणजे बोर्डातलं आपोआप पडणारं बटण, पडला नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं नव्हे. एमसीबी जास्तीचा करंट ओळखतो. त्याच्याच शेजारचा आरसीसीबी करंटची गळती ओळखतो. सैल स्क्रू या दोघांनाही दिसत नाही.

आता रत्नागिरीकडच्या एका घरातली हकिकत ऐका. सकाळी सहाला गीझर लागायचा आणि सव्वासहाच्या सुमाराला आजींना मासळीचा वास यायचा. सून म्हणायची, "आई, काल बांगडे तळले होते ना, त्याचाच असेल." कोकणात हे उत्तर कुणालाही पटेल. पण श्रावण लागला. घरात महिनाभर मासळी बंद, आणि वास मात्र रोज सकाळी हजर. तोही स्वयंपाकघरात नाही, न्हाणीघराबाहेरच्या बोर्डापाशी.

स्विच-सॉकेटच्या काही प्लास्टिकला जास्त आच लागली की अगदी मासळीसारखाच वास सुटतो. टॉप काढून पाहिला तर एक पिन काळी पडलेली. शेजारच्या मुलाने नवा टॉप बसवून दिला. आठ दिवस बरे गेले, नवव्या दिवशी पुन्हा वास. मग घरात ठरलं, गीझरच खराब झालाय, जास्त करंट ओढतोय, नवा आणू.

सुदैवाने दुकानात जाण्याआधी वायरमनकाकांना बोलावलं. त्यांनी पहिल्यांदा काय केलं? गीझर चालू ठेवून करंट मोजायचा क्लॅम्प मीटर फक्त फेजच्या, म्हणजे करंट आणणाऱ्या, वायरभोवती लावला. फक्त एका वायरभोवती बरं का. फेज आणि करंट परत नेणारी न्यूट्रल दोन्ही मिळून क्लॅम्पमध्ये घेतल्या तर मीटर शून्य दाखवतो. आकडा आला 8.6 अँपिअर. गीझर 2000 वॅटचा. 2000 भागिले 230 केलं की 8.7 येतात. म्हणजे गीझर निर्दोष. वायर 2.5 एमएमची, सॉकेट 16 अँपिअरचं, तीही पुरेशी.

काकांनी विचारलं, "आजी, तो जुना जळका टॉप फेकलात का हो?" आजींनी तो डब्यात जपून ठेवला होता. काकांनी मेन बंद केला, नवा टॉप काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींत तीच पिन काळी! सॉकेटकडे समोरून पाहिलं तर डाव्या भोकात जाणारी, न्यूट्रलची. फेजची पिन दोन्हींत स्वच्छ. टॉप बदलला तरी डाग त्याच जागी आला, म्हणजे दोष टॉपमध्ये नाही, सॉकेटच्या डाव्या बाजूला आहे.

प्लेट उघडली. न्यूट्रलचा स्क्रू घट्ट वाटत होता, पण तो अर्धा तांब्यावर आणि अर्धा वायरच्या कव्हरवर बसला होता. कव्हर तापून मऊ झालं, दबलं, आणि स्क्रूची पकड गेली. त्यात खारी हवा, तांब्यावर हिरवट थर. शेजारची पितळी पट्टी तापून तापून तिचा ताठपणा गेलेला. पट्टी सैल पडली की पिन नीट धरत नाही, पिन तापते, आणि त्या तापाने पट्टी आणखी सैल पडते. अशा सॉकेटमध्ये नवा टॉप घातला की तोही जळणार. उलटही खरं: जळका टॉप नव्या सॉकेटात घातला तर सॉकेट खराब होणार. म्हणून सांगतो, टॉप आणि सॉकेट जोडीनेच बदला. जोडीनेच.

काकांनी कडक झालेली चार इंच वायर कापून टाकली, पार लखलखीत तांबं दिसेपर्यंत. साधारण सेंटिमीटरभर वायर सोलली, कव्हर स्क्रूखाली जाणार नाही असं पाहिलं, स्क्रू आवळला आणि वायर ओढून पाहिली. नवं सॉकेट, नवा टॉप. वीस मिनिटं गीझर चालवला. करंट तोच, 8.6. टॉप जेमतेम कोमट.

करंट तोच असून आधी एवढी उष्णता कुठून आली? उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले अडथळा. सैल जोडात ओमचा तिसरा हिस्सा अडथळा धरा. 8.7 चा वर्ग साधारण 76, त्याचा तिसरा हिस्सा 25 वॅट. वायर जोडायचा छोटा सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचा असतो! तो सॉकेटच्या पोटात चालू ठेवल्यासारखं झालं. त्याच सैल जोडावर 9 वॅटचा एलईडी लावला तर काहीच तापणार नाही. म्हणून दोष सापडतो तो गीझर, इस्त्री, एसी, इंडक्शन यांच्यावर.

इथे एक मनातली गोष्ट बोलतो. लोक टाइल्सचा रंग निवडायला महिना घालवतात आणि भिंतीतल्या वायरिंगच्या पाइपांचे चार फोटो काढून ठेवत नाहीत. प्लास्टर होण्याआधी मोबाइलवर प्रत्येक भिंतीचा फोटो घ्या. वायर पिळून काळी टेप गुंडाळलेले जोड पीओपीच्या वर लपवू देऊ नका. टेपचा डिंक उष्णतेने सुटतो, आणि तो जोड परत कुणाच्या नजरेला पडत नाही.

बाकीच्या खुणा भराभर सांगतो. दोन्ही पिना सारख्या काळ्या असतील तर सॉकेटची पकड किंवा लोड पाहा. कधी कधी 16 अँपिअरचा टॉप कन्व्हर्टर लावून 6 अँपिअरच्या सॉकेटात घातलेला असतो. वायर लांबपर्यंत सारखी गरम असेल तर ती लोडच्या मानाने बारीक आहे. एकाच टोकाला गरम असेल तर तिथला जोड सैल आहे. लोड बेताचा असूनही एमसीबी वीस मिनिटांनी पडत असेल, तर त्याचाच स्क्रू तपासून घ्या, आणि 20 अँपिअरच्या जागी 32 चा मुळीच बसवू देऊ नका; मग वायर जळेल, एमसीबी पडणार नाही. घरभर दिवे कमी-जास्त होत असतील, काही खोल्यांत एकदम प्रखर होत असतील, तर मुख्य न्यूट्रल सुटत असू शकतो. तेव्हा मेन लगेच बंद करा. थ्री-फेज घरात अशा वेळी एखाद्या खोलीत 400 व्होल्टच्या जवळपास दाब जाऊ शकतो.

मोबाइलचा चार्जर किंवा पंख्याचा जुना रेग्युलेटर कोमट लागला तर घाबरू नका, तो तसाच असतो.

घरी तपासायचं ते एवढंच: उपकरण वीस मिनिटं चालवा, बटण बंद करा, कोरड्या हाताच्या बोटांची मागची बाजू टॉपच्या प्लास्टिकला लावा. हात ठेववत नसेल तर ते पुन्हा चालू करू नका. प्लेट आपण उघडू नका, ते वायरमनचं काम. आणि टॉप जळला असेल तर तो फेकू नका. कोणती पिन काळी आहे, ते वायरमनला दाखवा.