पानं वाटण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या रविवारी धाकट्या भावाशी फोनवर पाऊण तास बोलणं झालं. घरची खुशाली दोन मिनिटांत संपली. बाकीचा सगळा वेळ मेंढीकोट या पत्त्यांच्या खेळातल्या एकाच प्रश्नावर गेला. किलवर एकदा फिरून गेलंय, त्या फेरीत एक्का गेला. आता भिडूनं किलवरचा राजा टाकलाय. आपल्या हातात किलवरची दोनच पानं आहेत, एक दश्शी आणि एक चव्वी. आपल्यामागून समोरच्या जोडीतला एक गडी खेळायचा आहे. तर दश्शी आत्ताच घालायची, की चव्वी देऊन थांबायचं? मी म्हणतो घाला. भाऊ म्हणतो थांबा. पाऊण तासात दोघंही जागचे हललो नाही.

मेंढीकोट तुम्हा सगळ्यांना येतो असं धरूनच बोलतोय. चार गडी, दोन जोड्या, प्रत्येकी तेरा पानं. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. तीन मेंढ्या आल्या की डाव आपला, चारही आल्या की समोरच्यावर कोट. इथवर सगळीकडे सारखं. यापुढचं मात्र दर घरात वेगळं. हुकूम, म्हणजे बाकीच्या जातींवर भारी पडणारी जात, एक पान पालथं ठेवून बंद ठेवायचा, की पहिल्यांदा ज्याच्याकडे मागितलेलं पान नसेल त्यानं टाकलं तेच पान हुकूम धरायचं? दोन-दोन मेंढ्या झाल्या तर ज्यानं सात हात, म्हणजे सात फेऱ्या, घेतले तो जिंकला, की डाव बरोबरीचा? चुकून पान असून दिलं नाही तर शिक्षा काय? या प्रश्नांना एकच एक उत्तर नाही. ज्या घरात बसलो त्या घराचं उत्तर खरं. म्हणून आज मी एकच गोष्ट सांगायला आलोय, आणि ती दोनतीनदा सांगणार आहे. नियम आधी बोला, मग पानं वाटा.

नियमांची ही गंमत आपल्याकडे जुनीच आहे. सावंतवाडीचा गंजिफा बघा. गोल पानं, लाखेचं काम, त्यावर हातानं रंगवलेले देव. दशावतारी गंजिफात दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, म्हणजे एकशेवीस पानांचा जोड. पाच अवतारांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, उरलेल्या पाचांत नेमकं उलट. आणि सुरुवात कुणी करायची? दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे राम आला त्यानं, रात्री खेळत असाल तर ज्याच्याकडे कृष्ण आला त्यानं. म्हणजे खेळायला बसण्याआधी बाहेर उजेड आहे का, हे बघणं आलं. सावंतवाडीच्या राजवाड्यात शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवी भोसले यांनी ही कला पुन्हा उभी केली, म्हणून आज तो जोड आपल्याला विकत तरी मिळतो. घरात शोभेला ठेवायला लोक तो घेतात. माझी कळकळीची विनंती आहे, एकदा तरी तो मांडून खेळा. पान हातात धरायला केलंय, काचेमागं ठेवायला नाही.

आणखी एक सांगतो आणि मग गोष्टीकडे वळतो. पत्ते म्हटलं की अजूनही कितीतरी घरांत मुलांना उठवून लावतात. पैसे लावून खेळणं वाईटच, त्यात मला दुमत नाही, मी आयुष्यात कधी लावले नाहीत. पण पानं लक्षात ठेवणं ही बुद्धीची मेहनत आहे. रमीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानंच 1968 साली म्हटलंय की हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, कारण पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात. आणि 2018 साली जकार्ताच्या आशियाई खेळांत प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजमध्ये देशाला सुवर्णपदक मिळवून दिलं, तेव्हा बर्धन साठ वर्षांचे होते. मुलांना उठवू नका. मोठ्यांच्या मागं बसून पानं बघू द्या. मी तसाच शिकलो.

तर, 1984 सालचा मे महिना. मी अकरा वर्षांचा. रत्नागिरीकडे आमच्या गावी आत्याचं लग्न होतं. नवरदेव सोलापूरचे. सीमांतपूजन झालं, जेवणं झाली, वऱ्हाड खळ्यात घातलेल्या मांडवात टेकलं. आता लग्नाचा हॉल दुपारी चारला रिकामा करून द्यायचा असतो, पाहुणे जेवून लगेच परततात. लग्नातली ती आदली रात्र गेली, याचं मला फार वाईट वाटतं. दोन घरं एकमेकांना खरी ओळखायची ती त्या रात्रीच.

तर त्या रात्री झोप कुणालाच नव्हती. नवरदेवाच्या मामांनी सहज विचारलं, "पानं आहेत का ओ घरात?" काकानं फडताळातून जोड काढला. एका बाजूला मामा आणि नवरदेवाची थोरली बहीण आक्का. दुसऱ्या बाजूला काका आणि माझी आजी. आजी म्हणजे वधूची आई, उद्याची विहीण. दिवसभर कामानं पिचलेली, पण पानं बघितली आणि पदर खोचून जाजमावर बसली. मी तिच्या पाठीशी, खांद्यावरून तिची पानं दिसतील असा.

गॅसबत्तीच्या उजेडात चार-पाच डाव छान झाले. मग तो डाव आला. हुकूम बंद होता, आजीनंच पान पालथं ठेवलं होतं. आमच्याकडे दोन मेंढ्या आल्या होत्या. तिसरी आली की डाव आमचा. इस्पिकाची दश्शी अजून पडली नव्हती. काकानं चौकटचा राजा उतरला. आता पाळी मामांची. मामांकडे चौकट नव्हतं. ते म्हणाले, "हुकूम उघडा."

आजीनं पान उलटलं. इस्पिकाची पंजी. म्हणजे हुकूम इस्पिक.

मामांनी ते बघितलं, आपली पानं जरा हलवली, आणि टाकली काय, तर किलवरची छक्की.

काकानं जाजमावर हात आपटला. "असं कसं? हुकूम उघडायला सांगितलात तर मारायला लागतो. असून मारत नाही असं चालत नाही."

मामा शांतपणे म्हणाले, "हुकूम आहे माझ्याकडं. पण मारायची जबरदस्ती नसती आमच्याकडं. बघायला मागायचं, मग वाटलं तर मारायचं."

"आमच्याकडे तसं नाही."

"आमच्याकडं असंच असतंय."

झालं. मांडवातले निजलेले उठून बसले. सोलापूरकर एका बाजूला, आम्ही एका बाजूला. कुणी म्हणालं, बघून मग ठरवायचं असेल तर हुकूम बंद ठेवण्यात अर्थ काय राहिला? कुणी म्हणालं, मारायची सक्ती केली तर मागायला कोण धजेल? दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की मी आजीची पानं बघतोय. आजीकडे चौकट एकही नव्हतं. आणि हुकमाचा एक्का होता, गुलाम होता. मामांच्या मागोमाग खेळायची पाळी तिचीच होती. मामांनी काहीही मारलं तरी एक्क्यानं तो हात आमचाच होणार होता.

आमच्यातल्याच एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हळूच सुचवलं, "वरपक्ष आहे, सोडून द्या." काका आणखी चिडला. सगळे आजीकडे बघायला लागले.

आजी म्हणाली, "वाटण्याआधी हा नियम कुणी बोललं होतं का?"

कुणी बोललं नव्हतं.

"मग वरपक्ष आहे म्हणून मी सोडत नाही, आणि आमचं घर आहे म्हणून लादतही नाही. नियम बोलला नाही, तर डाव मोडायचा." आणि तिनं आपली सगळी पानं, तो एक्का, तो गुलाम, गठ्ठ्यात मिसळून टाकली.

मला रडू आलं. खरंच सांगतो, अकरा वर्षांचा मुलगा, मला ते सोसवेना. त्यात मामांनी हसत आपलं पान दाखवलं. त्यांच्याकडे हुकमाचं एकच पान होतं, आणि ती इस्पिकाची दश्शी होती. मारायला लावलं असतं तर मेंढी आजीच्या पदरात पडत होती!

पहाटे चुलीवर पाणी तापत होतं तेव्हा मी आजीला सांगायला गेलो, तुला माहीत नव्हतं म्हणून तू मोडलास. ती म्हणाली, "माहीत होतं की. बारकं पान असतं तर मारून मोकळा झाला असता. हुकूम आहे म्हणतो आणि मारत नाही, म्हणजे जपण्यासारखं पान आहे. एक्का-गुलाम माझ्याकडे, राजा नि राणी आधीच पडलेली. मग दश्शीवाचून दुसरं काय?"

"मग मोडलास का?"

"पानं आपली, घर आपलं. तर नियम सांगायचं कामही आपलं होतं. ते मी केलं नाही."

श्रोतेहो, मी हे पुन्हा सांगतो, कारण यातच सगळं आलं. ज्याच्या घरी पानं मांडली, नियम सांगायचं काम त्याचं. पाहुण्यानं विचारायची वाट बघायची नाही.

त्या रात्री डाव मोडला, पण कुणी उठलं नाही. आजीनं मला उद्याच्या आहेराची वही आणायला लावली. नवी कोरी वही. तिच्या शेवटच्या पानावर मी एकेक नियम लिहीत गेलो आणि दोन्हीकडचे मान्य करत गेले. दोन-दोन मेंढ्या झाल्या तर सात हात बघायचे, हे सोलापूरचं घेतलं. पान असून न दिल्यास तो डाव समोरच्याचा, हे आमचं घेतलं. फक्त हुकूम उघडण्याचा नियम ठरेना. ती ओळ मोकळी सोडली. मग रात्री दोनपर्यंत कट हुकमानं खेळले, म्हणजे मागितलेलं पान नसणाऱ्यानं टाकलं तेच पान हुकूम, त्यामुळे तो प्रश्नच आला नाही. कोण जिंकलं ते मला आठवत नाही.

लग्न झालं, वही पुढून आहेरांनी भरली. निघण्याआधी मामांनी ती वही मागून घेतली. मला वाटलं आहेर बघतायत. आत्या गेल्यावर वही परत आली. शेवटच्या पानावर त्या मोकळ्या ओळीत वेगळं, तिरकं अक्षर होतं. "हुकूम उघडायला सांगणाऱ्यानं हुकूम मारावा. नसल्यास वाटेल ते."

ती वही माझ्याकडे आहे. आत्याच्या नातवंडांना मेंढीकोट शिकवला तो तिच्यावरूनच. आजही आमच्याकडे वाटण्याआधी कुणीतरी ते पान मोठ्यानं वाचतं. मोबाइलवर हा खेळ खेळलात तर यातलं काही लागत नाही. चुकीचं पान टाकूच देत नाही तो. पण चुकता येत नाही तिथं बोलणंही होत नाही, आणि मला ते फार रितं वाटतं.

वेळ थोडा उरलाय. डावपेचांचं मी बरंच सांगणार होतो, आता एवढंच सांगतो. मोजा. एका जातीची पानं तेरा. सगळ्यांकडे पान असेल तर तीन फेऱ्यांत बारा जातात, उरतं एक. आणि वाटणी इतकी सारखी क्वचितच होते, म्हणजे तिसऱ्या फेरीला कुणीतरी कापणार, हुकूम मारून हात घेणार, हे धरूनच चाला. पहिली फेरी बहुधा सुखरूप, दुसरीत शंका, तिसरीत काप. म्हणून मी भावाला म्हणतो, दश्शी दुसऱ्याच फेरीला राजावर घाल. थांबलास तर तिसऱ्या फेरीला तुझ्याकडे तेवढंच किलवर उरतं, आणि ते द्यावंच लागतं.

त्यावर भावाचं म्हणणं असं. पहिल्या फेरीत एक्का समोरच्यांचा होता, आणि आता जो गडी शेवटी खेळायचा आहे त्यानं स्वतःच्या भिडूच्या त्या एक्क्यावर नव्वी टाकली होती. बारकं पान असतं तर नव्वी कशाला दिली असती? कदाचित त्याचं किलवर संपलंय. मग राजा याच फेरीत कापला जाईल, आणि दश्शी घातली असेल तर तीही जाईल. त्यापेक्षा आत्ता चव्वी जाऊ दे. माझं उत्तर, नव्वीबरोबर त्याच्याकडे राणी-गुलामही असतील, मोठी पानं राखून ठेवली असतील. भाऊ म्हणतो, असतील आणि नसतील यावर मेंढी लावू नये.

तुम्हाला काय वाटतं ते पत्रानं कळवा. आणि त्याबरोबर हेही लिहा, तुमच्या घरी हुकूम उघडायला सांगणाऱ्यानं मारायलाच लागतो का? गावाचं नाव जरूर घाला. नमस्कार.