सरकीच्या तेलातून निघालेलं निकेल

राम राम मंडळी!

पाण्यात वीज सोडली की एका पत्र्यावर हायड्रोजन सुटतो, दुसऱ्यावर ऑक्सिजन. इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होताना बुडबुडे येतात, तोच हा प्रकार. एक किलो हायड्रोजनला निदान 9 लिटर पाणी आणि साधारण 50 युनिट वीज लागते. वीज वाया जाऊ नये म्हणून पत्र्यावर उत्प्रेरकाचा, म्हणजे स्वतः न संपता काम सोपं करणाऱ्या पदार्थाचा लेप देतात. प्लॅटिनमचा लेप फक्कड, पण परवडते कोणाला? म्हणून निकेल. ध्यानात ठेवा, प्लॅटिनमऐवजी निकेल.

आता गोष्ट ऐका. गोष्ट सरकीची आहे बरं का!

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात मरे रेनी नावाचा इंजिनिअर 1915 साली एका तेल कारखान्यात लागला. तिथे तेलाला हायड्रोजन देऊन ते घट्ट करत, आपल्या वनस्पती तुपासारखं. हायड्रोजन कुठून आणायचा? पाण्यात वीज सोडून! ती यंत्रं बसवायचं काम रेनीकडेच. तेल घट्ट व्हायला निकेलची भुकटी लागे, ती त्याला मंद वाटायची. नोकरी सांभाळून त्यानं प्रयोग मांडले. निकेल आणि सिलिकॉनचा मिश्रधातू केला, कॉस्टिक सोड्यात टाकला. सरकीच्या तेलावर ही नवी भुकटी पाचपट जोरात चालली! 1925 साली पेटंट मिळालं. पुढे सिलिकॉनच्या जागी त्यानं अॅल्युमिनियम घेतलं. कॉस्टिक अॅल्युमिनियम खाऊन टाकतं, निकेलला धक्का लावत नाही. मागे उरतं अनारशासारखं जाळीदार निकेल.

आपली सरकी मात्र जिनिंगमधून ट्रक भरून जाते, अन् ढेप होऊन महाग परत येते. यावर मी बोलायला लागलो की आमचे कार्यक्रम अधिकारी घड्याळ दाखवतात. असो.

तर रेनीची तेलासाठीची युक्ती आज पाण्याच्या कामी येते. पोलादी जाळीवर निकेल-अॅल्युमिनियम फवारतात, कधी त्यात मॉलिब्डेनम नावाचा धातूही घालतात, मग कॉस्टिकनं अॅल्युमिनियम काढून घेतात. प्लॅटिनमऐवजी निकेल, अन् तेही जाळीदार! ऑक्सिजनच्या बाजूला निकेलमध्ये थोडं लोखंड मिसळलं की काम आणखी सोपं होतं.

अट एकच, पाणी अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट हवं. आम्लात निकेल विरघळतं. तिथे अजून प्लॅटिनम अन् इरिडियम हे धातूच लागतात. आपल्याकडे ऊन भरपूर, पण सोलरवरचं यंत्र संध्याकाळी थांबलं की आत थोडा वेळ उलटा प्रवाह वाहतो आणि लेप खराब होत जातो. रोजची ही बंद-चालू सोसेल असा लेप बनवण्यावर सध्या संशोधकांचा जोर आहे.