पाणी कोनं सोडलं?

२३ सप्टेंबर २०२३, शनिवार, पहाटेचे साडेतीन-चार. आदल्या दिवशी घरोघरी महालक्ष्म्यांचं जेवण झालेलं, पुरणपोळी, सोळा भाज्या, आंबील, सगळे जड पोटानं झोपलेले आणि बाहेर पाऊस असा की टिनावर कोणी गिट्टी ओतून राहिलंय. नागपूरच्या अंबाझरी तलावाखालच्या एका लेआउटमध्ये माझी मावशी राहते, तळमजल्यावर. तिला जाग आली ती फ्रिज पडल्याच्या आवाजानं. पडला म्हणजे काय, आधी तरंगला, मग आडवा झाला. लाइट गेलेली, पलंगावरून पाय खाली टाकला तर गुडघाभर पाणी. तिनं आधी महालक्ष्म्यांचे मुखवटे उचलून सज्ज्यावर ठेवले आणि मग मोबाइल शोधला, तो गादीसोबत हॉलभर फिरत होता.

उजाडल्यावर गच्चीगच्चीवर एकच प्रश्न. "पाणी कोनं सोडलं बे?"

तर ऐका, कोणीच नाही. हा जो अंबाझरीचा बांध दिसतोय तो १८७० सालच्या आसपासचा, मातीचा, आणि त्या रात्री ह्याच्या ओव्हरफ्लोला दारंच नव्हती. तलाव भरला की पाणी सांडव्यावरून आपोआप खाली येतं, बटन नाही की चाक नाही. दर पावसाळ्यात आपण इथेच भुट्टा खात सेल्फी काढतो नं, तोच हा ओव्हरफ्लो. पूर येऊन गेल्यावर मग इथे दारं बसवायचं ठरलं.

त्या रात्री चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, त्यातला बहुतेक दोनच तासांत. शंभर मिलिमीटर ऐकायला वीतभरही नाही वाटत, पण हिशोब करून बघा, एका चौरस किलोमीटरवर तेवढा पाऊस म्हणजे १० कोटी लिटर पाणी, दहा हजार लिटरवाले टँकर धरले तर दहा हजार टँकर. आणि हे फक्त एका चौरस किलोमीटरचं. तलावाच्या वरच्या अंगाला लावा, दाभा, वाडी, तिथे आधी शेतं होती, काळी माती, पाणी आधी भेगांमध्ये जायचं, जमीन फुगायची, मग उरलेलं वाहायचं. आता तिथे गोडाऊन आहेत, ट्रकांचे यार्ड आहेत, लेआउटवर लेआउट आहेत. पाणी जिरायला जागाच नाही, सगळंच्या सगळं एकदम तलावात, आणि तलाव सप्टेंबरात आधीच काठोकाठ.

आता ओव्हरफ्लोच्या खाली कॅमेरा फिरवू. पाणी जिथे सांडतं त्याच्या समोरच विवेकानंदांचं स्मारक, ते पाण्याच्या वाटेत येतं म्हणून प्रकरण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात गेलं. पुढे नाग नदी. नदी म्हटलं की अजून लोक हसतात, आपण हिला नालाच म्हणतो, आणि नाल्याला काय, भिंत घाला, स्लॅब टाका, पार्किंग काढा, चालतं. शहरातून १७-१८ किलोमीटर वाहते ही, पण काही ठिकाणी इतकी दाबलेली आहे की पोरगंही उडी मारून पलीकडे जाईल. त्यात आपले सिमेंट रोड. जुन्या रोडच्या वर नवीन रोड, त्याच्यावर गट्टू, आणि घरं गेली खड्ड्यात. मावशीच्या गेटातून रोडवर जायला आता दोन पायऱ्या चढाव्या लागतात, आधी दोन उतराव्या लागायच्या. पाण्याला तेवढंच पाहिजे होतं.

पुढचं सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. मोरभवनच्या स्टँडवर बसेस पाण्यात, सीताबर्डीत दुकानं भरलेली, मूकबधिर विद्यालयातली मुलं बाहेर काढावी लागली, एनडीआरएफ आली, आर्मी आली. दहा हजारांच्या आसपास घरांत पाणी शिरलं, माणसंही गेली.

आणि हे पाणी गेलं कुठे? नाग पुढे पिवळी नदीला घेऊन कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत, तिथून गोसेखुर्द धरणात. तिथे मात्र दारं आहेत, ३३. म्हणजे तिथे "पाणी कोणी सोडलं" ह्या प्रश्नाला खरंच अर्थ आहे. २०२० चा ऑगस्ट संपता संपता वर मध्य प्रदेशात धो धो पाऊस झाला, कन्हानला मिळणाऱ्या पेंच नदीवरचं चौराई धरण भरलं, मग त्याच्या खालच्या तोतलाडोह धरणाची दारं उघडली, मग नवेगाव खैरीची, आणि कन्हानकाठची गावं पाण्यात, पारशिवनी, मौदा, पुढे भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत. अडचण अशी की सिंचनाला, प्यायला पाणी पाहिजे म्हणून ऑगस्टअखेर धरणं भरलेलीच ठेवतात, आणि भरलेल्या धरणात पूर मावत नाही. रिकामं ठेवलं आणि पाऊस दगा देऊन गेला तर उन्हाळ्यात शिव्या खायच्या. त्यात आपला इकडचा मुलूख सपाट, मोठ्या नदीची पातळी चढली की लहान नद्या-नाल्यांचं पाणी पुढे सरकतच नाही, उलटं मागे फुगतं. फुगवटा म्हणतात त्याला, तो रात्रीतून गावात येतो, आवाज न करता.

नकाशावर दोन रेषा असतात. निळी, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करायचं नसतं. प्लॉट घेताना सातबारा पाहतो, एनए पाहतो, वास्तूवाला आणतो, ही रेषा कोण पाहतं? आमच्या काकांनीही नव्हती पाहिली.

मावशीच्या हॉलच्या भिंतीवर पाण्याची लाइन अजून आहे, स्विचबोर्डच्या जरा खाली, दोनदा पेंट मारला तरी वर येते. फ्रिज आता विटांवर आहे. महालक्ष्म्यांची जागा खरं तर बदलत नाहीत, त्यांच्याकडे तर सासूच्या काळापासून देवघराच्या बाजूला बसायच्या. आता वर बसतात, भाडेकरूच्या हॉलमध्ये.