वात जळालेलं कार्ट्रिज

(दृश्य: मालवणची बाजारपेठ, पावसाळ्याच्या तोंडावरची दुपार. मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान. टेबलावर सोल्डरिंग गन, बारीक स्क्रू ड्रायव्हर, उघडून ठेवलेले फोन.)

निवेदन :

कोकणात वस्तू सहजासहजी टाकून देत नाहीत. होडीचं इंजिन खाऱ्या पाण्याने धरलं, तर ते उतरवून गोड्या पाण्याने धुतात, प्लग घासतात आणि पुन्हा चढवतात. जाळं फाटलं तर किनाऱ्यावर बसून विणतात. मिक्सर असो, विहिरीवरचा पंप असो की पावसात भिजलेला मोबाईल, त्याला हात लावणारा कुणी ना कुणी बाजारात भेटतोच. या सवयीबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच अशा टेबलांवर अधूनमधून येणाऱ्या एका वस्तूबद्दल सविस्तर बोलायला हवं.

(दृश्य: तळहातावर बोटाएवढी चपटी नळी. वरच्या टोकाला काळपट झालेलं अर्धपारदर्शक प्लास्टिक.)

"काका, ह्यां परत भरून गावतलां काय?"

विचारणारा पोरगा विशीतला. गोव्यात हॉटेलात कामाला, सुट्टीवर घरी आलेला. हातात ई-सिगारेट आहे. आतलं लिक्विड संपलंय आणि शेवटच्या झुरक्यांना जळका वास येत होता.

दुकानदार नळी उजेडात धरतो, चारी बाजूंनी फिरवतो, नखाने सांधा चाचपतो. मग म्हणतो, "झिला, ह्यां उघडूक येणां नाय. फोडूकच लागतां."

त्याचं म्हणणं अगदी बरोबर आहे. या पॉडला, म्हणजे लिक्विडच्या कार्ट्रिजला, स्क्रू नाही, चाप नाही, झाकण नाही. प्लास्टिकचे दोन भाग कारखान्यात कायमचे जोडून टाकलेले असतात. पुन्हा भरायचा विचार करण्याआधी आत काय आहे, ते बघू.

(दृश्य: कापलेल्या कार्ट्रिजचं रेखाचित्र. टाकी, मधली नळी, कापूस, तारेचं वेटोळं, तळाचे दोन धातूचे ठिपके.)

आत एक इवलीशी टाकी असते. तिच्या मधोमध हवा जायची नळी आणि नळीच्या बुडाशी तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल. ही तार बहुतेक वेळा निकेल-क्रोमियमची किंवा लोखंड-क्रोमियम-अॅल्युमिनियमची असते. तिला लागून कापूस किंवा सच्छिद्र सिरॅमिक. कापूस टाकीतलं लिक्विड शोषून कॉइलपर्यंत आणतो, झुरका ओढला की बॅटरीतून वीज येते, कॉइल तापते आणि लिक्विडची वाफ होते. समईच्या वातीसारखंच हे काम आहे. तेल असेपर्यंत वात शांत जळते, तेल सरलं की वातच पेट घेते.

लिक्विडमध्ये मुख्यतः दोन पदार्थ असतात, प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन. पहिला १८८ अंश सेल्सिअसला उकळतो, दुसरा २९० अंशांच्या आसपास. कापूस ओला आहे तोवर कॉइलची उष्णता वाफ करण्यात खर्च होते, त्यामुळे तापमान हाताबाहेर जात नाही. कापूस कोरडा पडला की त्याच उष्णतेला जायला जागा राहत नाही. मग कापूस करपतो आणि उरलेलं ग्लिसरीन वाफ होण्याऐवजी तुटायला लागतं. त्यातून फॉर्माल्डिहाइड, अॅसिटाल्डिहाइड आणि अॅक्रोलीन तयार होतात. तळणीचं तेल जळताना डोळ्यांना झोंबणाऱ्या धुरातही अॅक्रोलीन असतं. त्या पोराला आलेला जळका वास या सगळ्याची खूण होती. करपलेला कापूस पुन्हा पांढरा होत नाही. त्याच्यावर कितीही नवं लिक्विड ओता, चव जळकीच येणार आणि घशात जळकंच जाणार.

(दृश्य: जुन्या धाटणीची तीन तुकड्यांची ई-सिगारेट. ड्रॉपरमधून थेंब पडतो.)

मग "भरून वापरता येतं" ही समजूत आली कुठून? ती पूर्वी खरी होती. आजच्या धर्तीची ई-सिगारेट चीनमधले फार्मासिस्ट होन लिक यांनी २००३ च्या सुमारास बनवली. सुरुवातीच्या यंत्रांचे तीन सुटे तुकडे असायचे : बॅटरी, तापणारा भाग आणि तोंडात धरायचं कार्ट्रिज. कार्ट्रिजमध्ये लिक्विडमध्ये भिजवलेला कृत्रिम धाग्यांचा बोळा असे. तो सुकला की लोक तोंडाकडची टोपी काढून ड्रॉपरने चार थेंब सोडत. तापणारा भाग वेगळा असल्यामुळे खराब झाला तर तेवढाच बदलत.

ज्या देशांत विक्रीला परवानगी आहे तिथे पुन्हा भरायचे पॉड आजही वेगळे मिळतात. नव्याने वापरणाऱ्याला तिथे सांगतात की भरल्यावर पाच-दहा मिनिटं थांब, कापूस पूर्ण भिजू दे. टाकी तळाला जायच्या आत भर. तळाचे धातूचे ठिपके कोरड्या फडक्याने पुसत जा. आणि एखाद-दोन आठवड्यांनी कॉइल सरळ बदलून टाक. म्हणजे भरून वापरायला बनवलेल्या यंत्रातही कॉइल दुरुस्त कुणी करत नाही. बंद पॉडमध्ये कॉइल टाकीलाच चिकटलेली, त्यामुळे तिथे बदलायलाही काही नाही.

तरीही लोक खटाटोप करतात. कुणी सिरिंजने बाजूच्या रबरी बुचातून लिक्विड ढकलतो. कुणी अख्खा पॉड गरम पाण्यात उकळतो, कुणी स्पिरिटमध्ये बुडवून ठेवतो. पाणी कापसात राहिलं की कॉइल तडतडते आणि गरम थेंब थेट तोंडात उडतात. स्पिरिट नीट उडून गेलेलं नसलं तर ते ज्वालाग्राही आहे आणि शेजारीच तापणारी तार आहे, हे लक्षात ठेवा. शिवाय लिक्विडमधला गोडवा कॉइलवर काळ्या डिंकासारखा बसतो, तो धुऊन जात नाही. सुई टोचून भोक पाडलं की तिथून गळती सुरू होते. गळलेलं लिक्विड खाली बॅटरीच्या बाजूला उतरतं.

आपली हवाही इथे आड येते. ग्लायकॉल आणि ग्लिसरीन दोन्ही हवेतली ओल ओढून घेतात. आषाढात घरातलं मीठ पाझरतं, तिथे अर्धवट उघडलेल्या बाटलीचं काय होत असेल याचा अंदाज करा. लिक्विडमधल्या निकोटिनला हवा आणि ऊन लागलं की ते हळूहळू तपकिरी पडतं. उन्हात उभ्या गाडीत ठेवलेल्या पॉडमधलं लिक्विड पातळ होऊन झिरपतं. आणि खाऱ्या वाऱ्यात धातूचे संपर्कबिंदू किती दिवस स्वच्छ राहतात, ते किनाऱ्यावर टीव्हीची केबल जोडणाऱ्या कुणालाही विचारा.

(दृश्य: लेबल नसलेली छोटी बाटली. हातमोजा घातलेला हात ती सरळ उभी करतो.)

आता सगळ्यात काळजीची गोष्ट, ती म्हणजे भरायचं लिक्विड. भारतात १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठा आणि जाहिरात, सगळ्यावर बंदी आहे. संपूर्ण वस्तू असो की तिचा कुठलाही भाग, असं कायद्यात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे सुटं कार्ट्रिज विकणंही गुन्हाच. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करण्यासाठी जागा दिली तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

म्हणून इथे जी बाटली हातात येते ती चोरवाटेनेच आलेली असते. तिच्यावर काही छापलेलं असलं तरी ते कुणी तपासलेलं नसतं. युरोपीय संघात निकोटिनची मर्यादा एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आहे. अमेरिकेतल्या पॉडमध्ये ५ टक्के, म्हणजे त्याच्या दुपटीहून जास्त असतं. चोरवाटेने आलेल्या बाटलीत किती आहे हे भरणाऱ्यालाही ठाऊक नसतं. निकोटिन कातडीतूनही शरीरात जातं. भरताना बोटांवर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचं. फळांचा वास आणि गोड चव असल्यामुळे लहान मुलांना हे सरबत वाटू शकतं. चमचाभर पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं. उलट्या, दरदरून घाम, तोंडाला लाळ अशी लक्षणं दिसेपर्यंत थांबू नका, बाटली सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा.

भेसळीचा धडा अमेरिकेने २०१९ मध्ये फार मोठी किंमत देऊन घेतला. ई-सिगारेट ओढणारी धडधाकट तरुण माणसं धाप लागून इस्पितळात येऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली, त्यांतले ६८ जण दगावले. तपासात मुख्य संशय आला तो व्हिटॅमिन ई अॅसिटेटवर. गांजातल्या टीएचसीची, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाची, बेकायदा कार्ट्रिजं भरताना तेल दाट दिसावं म्हणून ते घातलं जात होतं. गोळीतून पोटात गेलं तर निरुपद्रवी, वाफेतून फुप्फुसात गेलं तर घातक. कार्ट्रिज बाहेरून अगदी कंपनीचं दिसत होतं.

(दृश्य: अंगणात झाडलेला पातेरा. ढीग. काडी ओढण्याआधी हात थांबतो.)

मालवणच्या टेबलावरची ती नळी शेवटी जाते कुठे? आपल्याकडे बऱ्याच वाड्यांत झाडलोट झाली की पातेरा आणि सोबतचा कचरा पेटवून देतात. त्या ढिगात अशी नळी असली तर आतला लिथियम-आयन सेल तापून फुटतो, आणि जवळ उभं असलेलं माणूस बहुधा कोयता किंवा काठी घेऊन ढीग सारणारी घरातली बाई असते. एकदाच वापरून टाकायच्या ई-सिगारेटमध्येही हा सेल बहुतेक वेळा पुन्हा चार्ज होणारा, ३.७ व्होल्टचा असतो. केवळ चार्जिंगची जागा दिलेली नसते म्हणून तो फेकला जातो. मला या सगळ्यातलं हे सर्वांत वाईट वाटतं. ब्रिटनने १ जून २०२५ पासून अशा एकदाच वापरायच्या ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली, त्यामागे या कचऱ्याचं मोठं कारण होतं.

समुद्रात भिरकावणं तर मुळीच नको. खारं पाणी विजेचं चांगलं वाहक आहे. सेलची दोन्ही टोकं त्यातून जोडली जातात, धातू गंजतो आणि आतली रसायनं बाहेर येतात. उरलेलं निकोटिन पाण्यात सहज मिसळतं. वेळास, आंजर्ले, गुहागर इथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, त्याच वाळूवर भरतीचं पाणी हा कचरा आणून टाकतं.

दुकानदाराने केलं ते नीट बघा.

(दृश्य: चिकटपट्टी, पत्र्याचा डबा, डब्यात कोरडी वाळू.)

त्याने नळी फोडली नाही. पॉड ओढून वेगळा केला, टिश्यूत गुंडाळून पिशवीत बांधला. बॅटरीच्या उघड्या ठिपक्यांवर चिकटपट्टी लावली आणि ती पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवली. फुगलेले मोबाईलचे सेलही तो याच डब्यात ठेवतो. वापरलेल्या बॅटऱ्या हा घातक कचरा आहे, तो ओल्या-सुक्यात मिसळायचा नसतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी त्या उकिरड्यात टाकण्यावर किंवा जाळण्यावर बंदी आणली आहे. नगरपरिषदेच्या गाडीला वेगळा डबा असेल तर त्यात, नाहीतर ई-कचरा घेणाऱ्याकडे त्या पोचवायच्या. गावात सोय नसेल तर मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे द्या, त्याच्याकडे असे सेल साठतातच.

पोरगा अजून काउंटरशी उभा आहे. त्याला पॉड भरून हवा होता, कारण सकाळपासून झुरका मिळालेला नाही आणि डोकं ठणकतंय. दुकानात याच्यावर दुरुस्ती नाही, पण उपाय आहे. राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा नंबर १८००-११-२३५६, फोन फुकट. सल्ला देणारी माणसं तंबाखू, मिश्री, सिगारेट सगळ्यासाठी बोलतात. निकोटिनचं च्युइंगगम औषधाच्या दुकानात २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये मिळतं. कुठलं घ्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवावं. ते पानासारखं सतत चघळायचं नसतं. तिखटपणा जाणवेपर्यंत सावकाश चावायचं, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं, तिखटपणा गेला की पुन्हा चावायचं. साधारण अर्धा तास. त्या वेळात चहा किंवा सरबत पिऊ नये, आम्लयुक्त पेयांमुळे निकोटिन तोंडातून नीट शोषलं जात नाही.