नावं ठेवलेली माणसं

मित्रहो, फिलिपिन्सचा इतिहास म्हटलं की मॅगेलनपासून सुरुवात करायची रीत आहे. मी एका कर्जमाफीच्या पावतीपासून करतो. १९८९ साली लागुना प्रांतात, नदीच्या मुखाशी वाळू काढताना एक ताम्रपट सापडला. त्यावरची मिती अशी: शक ८२२, वैशाख, कृष्ण चतुर्थी, सोमवार. म्हणजे इसवी सन ९००. आपल्याकडे तेव्हा राष्ट्रकूट होते आणि त्यांचे ताम्रपटही शकातच मिती घालत. नामवरन नावाच्या गृहस्थावर सोन्याचं कर्ज होतं, ते त्याला आणि त्याच्या वंशजांना माफ केलं, एवढाच मजकूर. त्यात 'सेनापती' हा शब्द आहे, जयदेव हे नाव आहे. भाषा मात्र जुनी मलय. तेव्हा, तिथे आपलं राज्य होतं असं कृपा करून व्हॉट्सॲपवर फिरवू नका. जावा-सुमात्राच्या व्यापाराबरोबर शब्द आणि पंचांग तिथवर पोचलं. तिथल्या तगालोग भाषेत आजही चेहऱ्याला 'मुखा' आणि शिक्षकाला 'गुरो' म्हणतात.

या बेटांवरच्या सगळ्या लोकांना मिळून एक नाव नव्हतं. लोक 'बरांगाय'मध्ये राहत, म्हणजे एका दातूच्या, अर्थात मुखियाच्या, हाताखालची काही घरं. हा शब्द मूळचा होडीचा. मग स्पॅनिश आले. २७ एप्रिल १५२१ रोजी मॅक्तान बेटावर तिथल्या लापुलापु या दातूच्या माणसांनी मॅगेलनला मारलं, पण पुढच्या मोहिमा थांबल्या नाहीत. १५४०च्या दशकात व्हियालोबोसनं राजपुत्र फेलिपेच्या नावावरून काही बेटांना 'फिलिपिनास' म्हटलं. १५६५ला लेगास्पी सेबूत उतरला, १५७१ला मनिला वसली. पुढची अडीचशे वर्षं हा मुलूख मेक्सिकोच्या व्हाइसरॉयच्या अखत्यारीत होता, म्हणून मंडईला तिथे 'पालेंगके' म्हणतात. हा शब्द मेक्सिकोहून आला.

मराठीत 'नावं ठेवणं' याचे दोन अर्थ होतात. स्पॅनिशांनी दोन्ही केले. बाप्तिस्मा घेतलेल्या देशी माणसाला ते 'इंडिओ' म्हणत. दक्षिणेत सुलू आणि मागिंदानावच्या सुलतानांची मुस्लिम रयत होती. ती त्यांच्या हाती पुरती कधीच लागली नाही. तिला त्यांनी 'मोरो' म्हटलं. मायदेशात शतकानुशतकं ज्या मुसलमानांशी लढले, त्यांचंच नाव. आणि 'फिलिपिनो'? ते बेटांवर जन्मलेल्या गोऱ्या स्पॅनिशासाठी राखीव होतं.

आता १८४९. गव्हर्नर क्लावेरियाच्या लक्षात आलं की जो तो दे ला क्रूझ नाहीतर दे लोस सांतोस. करवसुली करायची कशी? त्यानं आडनावांचा जाडजूड कॅटलॉग काढला, हजारो आडनावांचा. त्याची पानं प्रांतोप्रांती गेली आणि गावागावांत वाटली गेली. 'आर'चं पान आलेल्या गावात घरोघरी 'आर'! आपण -कर लावलेल्या आडनावावरून गाव ओळखतो. तिथे काही भागांत पहिल्या अक्षरावरून ओळखता येई.

फिलिपिन्सचा राष्ट्रपुरुष मानला जाणारा लेखक होसे रिझाल, त्याच्या घराण्याचं आडनाव मेर्कादो. याच हुकमाच्या वेळी वडिलांनी रिझाल हे जास्तीचं नाव घेतलं. १८७२ साली बुर्गोससह तीन देशी धर्मगुरूंना बंडाच्या आरोपावरून मनिलात जाहीर देहदंड झाला. थोरला भाऊ पासियानो बुर्गोसच्या जवळचा; धाकट्याला त्याची झळ नको म्हणून शाळेत त्याचं नाव रिझाल लावलं. संकटातून सुटायला घेतलेल्या याच नावानं रिझालनं लिहिलं आणि ३० डिसेंबर १८९६ रोजी याच नावानं स्पॅनिशांच्या गोळ्या झेलल्या. त्याआधी पॅरिसमध्ये त्यानं मित्रमंडळ काढलं होतं, त्याचं नाव 'इंडिओस ब्रावोस', म्हणजे शूर इंडिओ. शिवीच पाटीवर लावली! त्याच पिढीनं 'फिलिपिनो' हा शब्द गोऱ्यांकडून काढून सगळ्यांचा केला. माझ्या मते फिलिपिनो राष्ट्राची खरी जन्मतारीख शोधायची तर ती इथे शोधावी.

१२ जून १८९८ला कावितमध्ये क्रांतिकारकांचा नेता आगिनाल्दो यानं स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर केलं. डिसेंबरात स्पेननं दोन कोटी डॉलर घेऊन बेटं अमेरिकेला देऊन टाकली. अमेरिकेशी झालेल्या पुढच्या युद्धात उपासमार आणि रोगराई धरून दोन लाखांपर्यंत सामान्य माणसं मेली असा अंदाज आहे. मग जपानी आले, १९४५ला मनिला बेचिराख झाली, आणि ४ जुलै १९४६ला अमेरिकेनं स्वातंत्र्य दिलं, तेही स्वतःच्या स्वातंत्र्यदिनी. १९६२ साली राष्ट्राध्यक्ष माकापागाल यांनी तो दिवस बदलून १२ जून केला.

तारीख बदलली, मग नाव का नाही? हुकूमशहा मार्कोसच्या काळात 'महार्लिका' नाव द्यायचं विधेयक आलं होतं. हा शब्द संस्कृत 'महर्द्धिक'वरून आलेला, पण ते बारगळलं. दक्षिणेतल्या मुसलमानांनीही 'मोरो' टाकलं नाही. त्यांच्या स्वायत्त प्रदेशाचं नाव आज बांगसामोरो आहे. आणि फिलिपिनो पासपोर्टवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं 'पिलिपिनास'. तगालोगमध्ये मुळात 'फ' नव्हता.