सात ट्रे

सरकारी दवाखान्यातली ही बाळंतपणाची खोली, आणि ही तिथली ट्रॉली बघा. यावर सात ट्रे आहेत. डिलिव्हरीचा, टाक्यांचा, बाळाचा, औषधांचा, इमर्जन्सीचा, गर्भपाताच्या केसचा आणि कॉपर-टीचा, प्रत्येकावर पांढरी चिकटपट्टी लावून पेनाने नाव लिहिलंय, आणि नाईटची सिस्टर चार्ज घेताना आधी हे मोजते, मग चहा.

हे एवढं काटेकोर कुठनं आलं? तर २००० साली संयुक्त राष्ट्रांत सगळ्या देशांनी कबूल केलं की बाळंतपणातले मातामृत्यू २०१५ पर्यंत तीन चतुर्थांशाने कमी करायचे. एक लाख जिवंत जन्मांमागे किती आया गेल्या, एवढाच तो आकडा, पण तो देशादेशांचा शेजारी शेजारी छापून यायला लागला आणि आपला २००४-०६ चा होता २५४. २००५ ला जननी सुरक्षा योजना आलेली होतीच, दवाखान्यात बाळंत झालं की हातात पैसे. बायका यायला लागल्या, आशाताई रिक्षात बसवून आणायला लागल्या. पण आल्यावर आत काय मिळतं, ते कोण मोजणार?

ते मोजायला डिसेंबर २०१७ मध्ये 'लक्ष्य' आलं, बाळंतपणाच्या खोल्यांचा दर्जा सुधारायचा केंद्र सरकारचा कार्यक्रम. बाहेरचे असेसर येतात, नळ कोपराने बंद होतो का, ऑक्सिटोसिन फ्रीजमध्येच आहे का, सगळं बघतात आणि मार्क देतात. सत्तरच्या वर सिल्व्हर, ऐंशीच्या वर गोल्ड, नव्वदच्या वर प्लॅटिनम. शाळेसारखंच.

आता हा हिरवा पडदा. दोन टेबलांच्या मधे आधी काहीच नव्हतं, मावशी म्हणतात, एकीला कळा आणि दुसरी बघतेय. पडद्यालाही मार्क आहेत, म्हणून का होईना, लागला. आणि उशाशी उभी आहे ती सासू, तिलाही आता आत येऊ देतात.

हा कागद म्हणजे पार्टोग्राफ, बाळंतपण कसं पुढे सरकतंय त्याचा तक्ता. दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके, चार तासांनी आतली तपासणी, सगळं चौकटीत. रात्री सिस्टर एकटी आणि टेबलं दोन, मग कधी कधी हा बाळ झाल्यावर भरला जातो, हे तिनेच हसत सांगितलं, आणि खरं सांगू, आम्हाला त्यात तिची चूक काही वाटली नाही.

२०१८-२० ला देशाचा आकडा ९७ वर आला, महाराष्ट्राचा ३३, आणि २०३० चं जागतिक टार्गेट आहे ७० च्या खाली. उत्तर प्रदेशात १२० केंद्रांवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित बाळंतपणाच्या चेकलिस्टचा अभ्यास झाला, त्यात जिथं शिकवलं तिथं सिस्टरांचं काम सुधारलं पण मृत्यू काही घटले नाहीत, तेही आहे.

दुसऱ्या टेबलावर बघा. डोकं दिसतंय. सिस्टर हात न थांबवता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते, जन्माची वेळ रजिस्टरला लागते.

इथनं पुढे आम्ही बोलत नाही.